पलीकडच्या गवंड्याचा ओळंबा

मित्रांनो, ओळंबा कधी हातात घेतला आहे का तुम्ही? बहुतेकांनी घेतला नसेल, म्हणून आधी माझी ओळख करून देतो. मी एक जुना पितळी ओळंबा आहे. आकाराने गाजराएवढा, वर रुंद, खाली टोकदार. माझ्या डोक्यातून एक दोरी निघते आणि त्या दोरीत एक लाकडी गुटका ओवलेला असतो. गवंडी तो गुटका भिंतीच्या वरच्या अंगाला टेकवतो आणि मला खाली सोडतो. मी थोडा वेळ झुलतो, मग स्थिर होतो. मी भिंतीला अलगद टेकलो तर भिंत सरळ. मी तिच्यापासून लांब राहिलो तर भिंत पुढे झुकलेली. बस, एवढेच माझे काम. ते मी दहा-बारा वर्षे केले.

सध्या मी एका घरातल्या कपाटाच्या खणात राहतो. माझ्या शेजारी एक मोडकी कात्री, सुतळीचा गुंडा आणि कुलपे हरवलेल्या चार किल्ल्या आहेत. माझ्या अंगावर हिरवट पुटे चढली आहेत. घरातली मुले मला कधीतरी बाहेर काढतात, भोवरा समजून फिरवायला बघतात आणि मी फिरत नाही म्हणून रुसतात. त्यांना मी काही सांगू शकत नाही. तुम्हाला सांगतो. गोष्ट दुःखाची आहे, पण ती ऐकण्याएवढे तुम्ही मोठे झाला आहात.

माझा जन्म एका ओताऱ्याच्या भट्टीत झाला. एक फुटका नळ, दाराच्या दोन कड्या आणि एक चेपलेली घंटा वितळवून त्याने मला साच्यात ओतले. नंतर कानशीने घासून माझे टोक असे नेमके काढले, की कागदावर ठेवले तर बारीक ठिपका उमटावा. एका म्हाताऱ्या गवंड्याने आपल्या मुलासाठी मला करवून घेतले होते. मला त्याच्या तळहातावर ठेवताना ओतारी हसून म्हणाला, "आत घंटा घातलीय बरं का. बडबड केली तर माझ्याकडे येऊ नका."

"येणारच," म्हातारा म्हणाला. "मला मुका पाहिजे आणि खरा पाहिजे."

म्हाताऱ्याने मुलाला गवंडीकाम शिकवले ते माझ्यासमोर. बाप कडक होता. थापी कशी धरायची, विटेला पाणी किती पाजायचे, थर कसा ओढायचा, सगळे तो एकदाच सांगे. एक गोष्ट मात्र तो दर वेळी सांगायचा. वरून मला सोडून खाली जमिनीवर खूण करायची वेळ आली, की तो ओरडे, "आधी पाय आपट! खालून भरीव आवाज आला तर ती जमीन. पोकळ आला तर ती जमीन नव्हे, कुणाचं तरी छप्पर आहे. छपरावर खूण करून काय करशील?"

मुलगा पाय आपटायचा. कधी कधी बापाला चिडवायला उगाच नाचल्यासारखा दोन्ही पाय आपटायचा. बाप तोंड फिरवून हसायचा, म्हणजे हसताना दिसू नये म्हणून. पण मी खालून बघत असे, मला दिसे.

पुढे त्या मुलखात बांधकामे थांबली. विटांच्या भट्ट्या थंड पडल्या. माझ्या गवंड्याचे, म्हणजे त्या मुलाचे, नुकतेच लग्न झाले होते आणि बायकोला दिवस गेले होते. समुद्रापलीकडच्या मोठ्या शहरात काम आहे, असे लोक सांगत. बायकोने त्याचे दोन सदरे, थापी, कोन तपासायचा गुण्या, दोरीचे रीळ आणि मी असे सगळे एका पत्र्याच्या पेटीत भरले. धक्क्यावर ती रडली नाही. एवढेच म्हणाली, "वर्षभरात बोलावून घ्या. नाही तर मी येते बघा पोहत."

"पोहता येतं का तुला?"

"वर्षभरात शिकेन की."

बोट सुटली. चार महिन्यांनी तिकडे मुलगी झाली. तिला त्याने कधीच पाहिले नव्हते. मित्रांनो, या गोष्टीत पुढे जे जे घडले ते त्या एका गोष्टीसाठी घडले. त्याला आपली मुलगी बघायची होती.

नव्या शहरात त्याने एका छापखान्याच्या वरची खोली घेतली. खाली यंत्र चालू झाले की वरची कपबशी थरथरायची. खोलीला एकच खिडकी, समोर धुराडे. त्या लोकांची भाषा आणि आपली भाषा एकच होती, पण बोलण्याचा हेल वेगळा. त्याने तोंड उघडले की लोकांना कळे, हा समुद्रापलीकडचा. म्हणून कामावर त्याचे नावच 'पलीकडचा' पडले. त्याला एक बिगारी सोबती मिळाला, विटा आणि माल वाहून देणारा. तो उंचीने एवढा, की परांचीच्या खालच्या फळीला त्याचे डोके आपटायचे. त्याला सगळे 'लंब्या' म्हणत. पहिल्याच दिवशी लंब्याने विचारले, "काय रे पलीकडच्या, तुमच्याकडे म्हणे भिंती आडव्याच बांधतात?"

"हो," माझा गवंडी म्हणाला. "आडवी बांधतो, मग उभी करतो. तुमच्यासारखी उभी बांधून आडवी पाडत नाही."

परांचीवरची सगळी माणसे हसली. सगळ्यात मोठ्याने लंब्या हसला. त्या दिवसापासून दोघे एकाच फळीवर बसून डबा खाऊ लागले.

तीही वर्षे चांगली होती. त्या शहरात मी किती भिंतींना टेकलो, याचा हिशेब नाही. शाळेची भिंत, साबणाच्या कारखान्याची, एका दवाखान्याची. 'पलीकडच्याची भिंत डोळे मिटून घ्यावी,' असे तिथला मुकादम सांगायचा. हा मुकादम भरदार मिशांचा आणि तोकड्या बोलण्याचा माणूस होता. कौतुक त्याच्या तोंडून वर्षाकाठी एकदा निघे, म्हणून ते मी जपून ठेवले आहे.

बायकोची पत्रे येत. जेवणाच्या सुट्टीत माझा गवंडी ती लंब्याला वाचून दाखवी. एका पत्रात होते, 'आज मुलीने विचारलं, आई, आपले बाबा कागदाचे आहेत का?'

लंब्या हसायला लागला. हसता हसता त्याने शेजारी पाहिले. माझा गवंडी पत्राची घडी घालत होता. ती काही केल्या नीट बसेना.

बोटीच्या तिकिटांची जमवाजमव झाली होती. आणि तेवढ्यात युद्ध सुरू झाले.

युद्ध म्हणजे काय, ते मी माझ्या परीने सांगतो. मी आयुष्यभर भिंती उभ्या राहताना पाहिल्या. युद्धात त्या पडताना पाहिल्या. विमाने यायची, भोंगा वाजायचा, आणि सकाळी बाहेर पडावे तर कालपर्यंत जिथे जिने, पडदे, वाळत घातलेले कपडे होते तिथे विटांचा ढीग. बोटी बंद झाल्या. बाहेरून येणाऱ्यांना शहराची दारे मिटली.

मग परवान्याच्या कचेरीच्या दारावर एक नियम लागला. शहरात बचाव पथके उभी राहत होती. पडलेल्या घरांखालून माणसे काढायची असतील तर घर कसे उभे राहते आणि कसे कोसळते हे जाणणारी माणसे हवीत, म्हणून गवंडी, सुतार, बिगारी यांना बोलावणे आले. त्यात खाली एक ओळ होती. बाहेरच्या मुलखातला जो कारागीर पथकात पूर्ण बारा महिने सेवा करील, त्याला बायको-मुलांना आणण्याचा परवाना मिळेल.

माझ्या गवंड्याने ती ओळ दोनदा वाचली आणि तिथेच नाव दिले.

लंब्याने त्याला वेड्यात काढले. "अरे, डोकं ठिकाणावर आहे का? ती माणसं महिन्याला दोन-दोन मरतात!"

"महिन्याला दोन मरतात म्हणजे बाकीची जगतात ना?"

"असा हिशेब असतो का?"

"मग तू सांग दुसरा. बोट दुसरी कुठली आहे?"

दुसऱ्या दिवशी लंब्यानेही नाव दिले. कारण विचारल्यावर म्हणाला, "याला विटा कोण देणार?" खरे तर तिथे विटा द्यायच्या नव्हत्या, उचलायच्या होत्या. पथकाचा प्रमुख म्हणून आला तो आमचाच मिशीवाला मुकादम.

तिथे माझे काम बदलले. अर्धवट पडलेल्या घराची एखादी भिंत एकटीच उभी राही, वाकलेली, तडे गेलेली. तिच्या पायथ्याशी माणसे अडकलेली असत. आत शिरण्याआधी माझा गवंडी भिंतीत उंचावर खिळा ठोकी, त्यावरून मला सोडी आणि माझ्या टोकाच्या बरोबर खाली खडूने फुली मारून घेई. मग एक माणूस माझ्यावर नजर ठेवून बसे. भिंत हलली की मी फुलीवरून सरकणार. मी सरकलो की त्याने शिट्टी वाजवायची आणि आतल्यांनी बाहेर पळायचे. त्या अकरा महिन्यांत अशी शिट्टी चार वेळा वाजली. चारही वेळा माणसे बाहेर आली आणि मगच भिंत आली.

तेव्हा मला फार अभिमान वाटे. मुका आणि खरा. म्हाताऱ्याने मागितला होता तसा. अभिमानाचे हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण पुढचे सांगायला मला जड जाते.

बारा महिने पुरे व्हायला एकोणीस दिवस राहिले होते. सकाळची वेळ होती, ऊन चांगले वर आले होते. एका तीन मजली घराचा पुढचा भाग रात्रीत कोसळला होता. मागची भिंत मागच्या अंगणावर ओणवी होऊन उभी होती. खालच्या तळघरातून एका बाईचा आवाज येत होता. ती शिंपीणबाई होती. तिच्याबरोबर तिचे म्हातारे वडीलही आत होते. आवाज सारखा येत होता, "पाणी चढतंय! लवकर या हो, पाणी चढतंय!" कुठला तरी नळ फुटला होता.

घाई झाली. माझ्या गवंड्याने शिडी लावून भिंतीत खिळा ठोकला, मला सोडले आणि वरूनच ओरडला, "लंब्या, खूण कर!" लंब्याने अंगणातला चुरा हाताने बाजूला सारला. खाली दगडी फरशी लागली. त्याने माझ्या टोकाखाली फुली मारली.

पाय कोणी आपटला नाही.

शिडीवर असल्यामुळे माझ्या गवंड्याला वाटले, खूण करणाऱ्या लंब्याने आपटला असेल. लंब्याला वाटले, खिळा ठोकण्याआधी गवंड्यानेच आपटला असेल. एरवी तोच आपटायचा. दोघेही एकमेकांवर इतका विश्वास टाकून होते, की कोणी विचारले नाही.

ते तळघर घराखाली संपत नव्हते, मित्रांनो. ते थेट अंगणाच्या टोकापर्यंत गेले होते. ती फरशी जमीन नव्हती, तळघराचे छप्पर होते.

माझा गवंडी आत शिरला. वीस मिनिटांनी शिंपीणबाई बाहेर आली, चिखलाने माखलेली, पण जिवंत. ती लंब्याचा हात धरून सांगू लागली, "बाबा आत आहेत, बाबांचा पाय अडकलाय." आतून माझ्या गवंड्याचा आवाज आला, "लंब्या, ओळंबा काय म्हणतो?"

लंब्याने माझ्याकडे पाहिले. मी फुलीवर होतो. अगदी नेमका फुलीवर.

"जागचा हललेला नाही!" लंब्या ओरडला.

"मग म्हाताऱ्याला घेऊनच येतो."

खरी गोष्ट अशी होती, की पाण्याने तळघराचा आधार सुटत चालला होता. भिंत पुढे सरकत होती आणि तिच्याबरोबर फरशीही पुढे सरकत होती. भिंत, मी आणि फुली, तिघे एकत्र निघालो होतो. मला ते कळत होते. पण मला तोंड नाही. मी फक्त लोंबकळू शकतो, आणि मी फुलीवर लोंबकळत होतो.

सगळे एकदम गेले. आवाज मोठा नव्हता. लोक म्हणतात तसा गडगडाट वगैरे झाला नाही. एखाद्याने दमून बसावे तशी भिंत बसली.

त्यांना बाहेर काढायला दुसरा दिवस उजाडला. माझा गवंडी म्हाताऱ्यावर पालथा पडला होता. दोघेही गेले होते. माझी दोरी तुटली होती आणि मी दोन दगडांच्या मध्ये अडकलो होतो. मला लंब्याने काढले. त्याने मला पुसले नाही. तसाच खिशात टाकला.

आठवड्याने लंब्या आणि मुकादम परवान्याच्या कचेरीत गेले. मी खिशातच होतो. कारकुनाने कागद चाळले.

"सेवा अकरा महिने, अकरा दिवस," तो म्हणाला. "नियमात बारा महिने आहेत."

"माणूस कामावर मेला," मुकादम म्हणाला.

"त्याबद्दल मला वाईट वाटतं. खरंच वाटतं. पण एकोणीस दिवस कमी आहेत."

लंब्या टेबलावर वाकला. "मग काय करू? त्याला उठवून एकोणीस दिवस कामावर धाडू?"

"आवाज खाली करा. नियम मी केलेला नाही."

"शिक्का तर तुमच्याच हातात आहे ना!"

मुकादमाने त्याला दंडाला धरून बाहेर आणले. दोघे कचेरीच्या पायऱ्यांवर बसले. मग लंब्या एकदम म्हणाला, "मुकादम, बांधकामावर कुणी आजारी पडला तर आपण काय करतो?"

"सोबती त्याचा दिवस भरून देतो."

हा बांधकामावरचा जुना रिवाज होता. आजारी माणसाची जागा जाऊ नये म्हणून त्याच्या सोबत्यांपैकी एक जण आपले काम आटोपून त्याचेही काम करी आणि हजेरीत त्याच्या नावाला 'हजर' म्हणे. सगळ्यांना ते ठाऊक असे आणि कोणी त्याला खोटे म्हणत नसे.

"मग याचे एकोणीस भरू," लंब्या म्हणाला.

मुकादमाने मिशीवरून हात फिरवला. "अरे, मेलेल्याचा दिवस आजवर कुणी भरलेला नाही."

"आजाऱ्याचा भरतो तेव्हा आपण विचारतो का, हा बरा होणार आहे की नाही?"

मुकादम उठला, पाटलोण झटकली आणि चालू लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी पथकाची हजेरी सुरू झाली. एक एक नाव झाले. आणि मग मुकादमाने नेहमीच्याच सुरात हाक दिली, "पलीकडचा?"

अंगणात वीस माणसे उभी होती. झाडूवाल्याचा झाडूही थांबला.

"हजर," लंब्या म्हणाला. त्याचा आवाज फुटला, म्हणून त्याने पुन्हा म्हटले, "हजर!"

त्या दिवशी लंब्याने स्वतःची पाळी केली आणि लगेच दुसरी. तिसऱ्या दिवशी त्याच्या हातून दगड निसटू लागले तेव्हा पथकातला सुतार पुढे सरकला आणि 'पलीकडचा?' म्हणताच त्याने 'हजर' म्हटले. मग नळकाम करणारा. मग रंगारी. हा रंगारी एरवी माझ्या गवंड्याच्या बोलण्याची नक्कल करून लोकांना हसवायचा. त्या दिवशी नाव घेतल्यावर त्याने 'हजर' म्हटले ते त्याच पलीकडच्या हेलात. कोणी हसले नाही. दोन दिवस खुद्द मुकादमाने भरले. स्वतःच हाक द्यायची आणि स्वतःच हजर म्हणायचे. सुताराचा हात अशाच एका दुसऱ्या पाळीत मोडला. त्या एकोणीस दिवसांत 'पलीकडच्या'च्या पाळीवर सात माणसे जिवंत निघाली.

विसाव्या दिवशी लंब्याला सोबत नेऊन मुकादमाने कारकुनापुढे कागद ठेवला. त्यावर त्याने आपल्या ओबडधोबड अक्षरात सगळे जसे घडले तसे लिहिले होते. काही लपवले नव्हते.

कारकून वाचत गेला. "मेलेल्या माणसाची हजेरी लावलीत?"

"हजेरी कामाची असते," मुकादम म्हणाला. "काम झालंय. सात माणसं आहेत, बोलावून विचारा."

कारकुनाने कागद पुन्हा वाचला. मग तो उठून आतल्या खोलीत साहेबाकडे गेला. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक मी लंब्याच्या खिशातून तासभर ऐकली. तो परत आला तेव्हा कागदावर शिक्का होता.

"साहेबांना वाचून दाखवलं," तो म्हणाला. "त्यांनी शिक्का माझ्याकडे सरकवला."

युद्धाच्या शेवटी शेवटी बोटी सुरू झाल्या आणि बायको मुलीला घेऊन आली. नवरा गेल्याचे आणि परवाना कसा मिळाला तेही तिला कळवले होते. तरीही ती आली. तिकडे आता सासराही राहिला नव्हता. धक्क्यावर लंब्या त्यांना घ्यायला उभा होता. साडेचार-पाच वर्षांची मुलगी आईचे बोट सोडून पुढे आली, मान उंच करून तिने त्याच्याकडे बघितले आणि विचारले, "तुम्ही बाबा का?"

लंब्या तिथेच उकिडवा बसला. "नाही गं पोरी," तो म्हणाला. "मी नुसता लंब्या."

छापखान्यावरची खोली पथकाने तशीच राखली होती. बायकोने पेटी उघडली, चूल पेटवली, काहीतरी शिजत ठेवले. लंब्या दाराशीच उभा होता. शेवटी त्याने खिशातून मला काढून टेबलावर ठेवले.

"वहिनी, एक सांगायचंय. मग मी जातो. पुन्हा तोंड दाखवणार नाही." आणि त्याने सांगितले. खिळा, फुली, फरशी, सगळे. "खूण मी केली होती. हलला नाही, असंही मीच ओरडलो. मी नीट बघितलं असतं तर तो बाहेर आला असता."

ती गवंड्याच्या घरची सून होती. तिने एकच गोष्ट विचारली. "पाय आपटला होता?"

"नाही. मला वाटलं त्याने आपटला. त्याला वाटलं मी."

ती माझ्याकडे बघत राहिली. खाली छापखान्याचे यंत्र सुरू झाले आणि टेबल थरथरू लागले. मीही थरथरलो. तिने माझ्यावर हात ठेवून मला थांबवले. तिचा हात गरम होता. राग, दुःख, काय काय त्या हातात होते ते मला सांगता येणार नाही. तिने मला उचलून खिडकीबाहेर फेकले असते तरी मी तिला दोष दिला नसता.

"एकोणीसपैकी तुम्ही किती भरलेत?" तिने विचारले.

"सात."

"सलग?"

"नाही. मध्ये मध्ये हात चालेना."

ती उठली. फळीवरून तिने ताटे काढली. एक, दोन. क्षणभर थांबली, मग तिसरे काढले.

"भावजी," ती म्हणाली, "हात धुऊन या. निवतंय."

लंब्या हलला नाही. शेवटी त्या लहान मुलीनेच त्याला बोटाला धरून मोरीकडे नेले.

मित्रांनो, माझी गोष्ट इथपर्यंतच आहे. पुढे कितीतरी वर्षे लंब्या त्या घरी जेवायला येत राहिला. मला मात्र पुन्हा कोणी भिंतीला लावले नाही. मी कोणाकडे चकाकी मागत नाही, दोरीही मागत नाही. एकच मागतो. तुम्ही कधी कोणाबरोबर काम कराल, घराचे, शाळेचे, कसलेही, आणि एखादी गोष्ट दुसऱ्याने केलीच असेल असे मनात येईल, तेव्हा त्याला तोंडाने विचारा. 'तू बघितलंस का?' असे विचारल्याने मैत्रीत कमीपणा येत नाही. माझा गवंडी आणि लंब्या यांची मैत्री खरी होती, आणि ती खरी होती म्हणूनच कोणी विचारले नाही.

विचारायला किती वेळ लागला असता? मी तिथे लोंबकळत होतो, मी सांगतो. दोन श्वास.